रॅम्पवरचा तिसरा पक्ष

विमा हा परस्परविश्वासाचा व्यवहार आहे, हे विम्याच्या कागदावर पहिल्याच ओळीत छापलेलं असतं. पुढची सगळी पानं हा विश्वास कोणकोणत्या प्रसंगी ठेवता येणार नाही, याच्या तपशिलाला दिलेली असतात. सुज्ञ माणूस पहिली ओळ वाचतो आणि सही करतो. बाकीची पानं वाचायची वेळ देव त्याच्यावर न आणो, अशी प्रार्थना त्याचा एजंटही मनोमन करत असतो (कारण ती त्यानंही वाचलेली नसतात).

रघुवीर वायंगणकर हे असेच सुज्ञ गृहस्थ. परळच्या लक्ष्मी निवास चाळीत जन्मले, एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त होईपर्यंत गाडी घ्यावी असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. पण चाळ पडली, तिच्या जागी लक्ष्मी ग्रँड्योर नावाचा टॉवर उभा राहिला (जुने रहिवासी त्याला 'गँडर' म्हणतात, नवे रहिवासी ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात), आणि वायंगणकरांना आठव्या मजल्यावर दोन बेडरूमच्या घरासोबत पार्किंगची एक जागा मिळाली. त्यांच्या मातोश्री आनंदीबाई, वय ऐंशीच्या पुढे, पहिल्याच दिवशी ती जागा पावलांनी मोजून आल्या. चाळीतल्या खोलीपेक्षा ती मोठी निघाली.

"ह्या जाग्यार आमी सात माणसां रवलों," त्या म्हणाल्या. "आता हय येकटी गाडी रवतली?"

पण गाडी कुठे होती? जागा आहे आणि गाडी नाही, ही अवस्था टॉवरमध्ये, हॉल बुक झाला आणि नवरदेव ठरायचाय, अशी समजली जाते. लोक विचारतात. वॉचमनसुद्धा विचारतो. वायंगणकरांनी दोन महिने तग धरला आणि मग गाडी घेतली. समोरच्या दाराच्या नानांनीही घेतली.

नाना मसुरकर हे पोस्टातून निवृत्त. चाळीत दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि तीही नावापुरती. एका घरात कालवण उकळलं की दुसऱ्या घरात भात वाढून घ्यायचे. टॉवरमध्ये घरं मिळताना चिठ्ठ्या टाकल्या, तरी दोघांची दारं समोरासमोर आली. नानांची पत्नी वारल्यापासून आणि मुलगा पुण्याला गेल्यापासून त्यांचं रविवारचं जेवण वायंगणकरांकडे असे. गाडी चालवायलाही दोघे साठीनंतर एकत्रच शिकले, एकाच गाडीत, एकाच मास्तरची बोलणी आळीपाळीनं खात. नानांनी पुतण्याची जुनी, उंच, दणकट गाडी उचलली. वायंगणकरांनी नवी, छोटी, चेरीच्या रंगाची घेतली आणि परस्परविश्वासाच्या पहिल्या ओळीखाली सही केली. यंदा गणेशचतुर्थीला दोन्ही गाड्या एकामागोमाग गावाला न्यायच्या, असा बेत होता. नानांचं गाव मसुरं आणि यांचं वायंगणी, तसं फार अंतर नाही. आनंदीबाईंची एकच इच्छा होती: आयुष्यात एकदा तरी एसटीच्या तिठ्यावर न उतरता घराच्या खळ्यात, अगदी अंगणात, उतरायचं.

अपघात झाला तो रविवारी सकाळी, टॉवरच्याच रॅम्पवर. नाना मासे आणायला खाली निघाले होते. वायंगणकर पेट्रोल भरून वर येत होते. वळणावर दोघे समोरासमोर आले, आणि वळणावर रॅम्प एकाच गाडीपुरता आहे.

अशा वेळी काय करायचं याचा मुंबईत एक सर्वमान्य संकेत आहे. दोघांनीही हॉर्न दाबून धरायचा आणि ज्याचा अंगठा आधी दुखेल त्यानं मागे जायचं. परंतु समोर नाना आहेत हे पाहून वायंगणकर थांबले आणि त्यांनी काचेतून हात केला: तू जा. नानाही थांबले होते. त्यांनीही हात केला: नाही, तू ये. वायंगणकर म्हणाले, बरं, आणि निघाले. नाना म्हणाले, बरं, आणि निघाले. दोघांनी करकचून ब्रेक दाबले, हसले, पुन्हा एकमेकांना हात केले आणि पुन्हा एकदमच निघाले. तिसऱ्या खेपेला कोणाच्या पायानं काय दाबलं हे कळायला मार्ग नाही. नाना वरून येत होते, त्यामुळे भौतिकशास्त्र त्यांच्या बाजूनं होतं. वायंगणकरांची गाडी मागे ढकलली गेली आणि पुढून नानांची गाडी व मागून बिल्डरचा खांब यांच्यामध्ये सापडून चांगली हातभर आखूड झाली.

वॉचमननं शिट्टी वाजवली. मेघनावहिनी, म्हणजे वायंगणकरांच्या पत्नी, आठव्या मजल्यावरून गाऊनवर ओढणी घेऊन धावत खाली आल्या.

"किती लागलंय?" त्यांनी बॉनेटकडे बघत विचारलं.

"पुढचं सगळंच गेलं," वायंगणकर म्हणाले. "मागचं पण."

"अगंबाई. आणि नानांचं?"

"बंपर."

नाना आपल्या गाडीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "रघू, माझंच चुकलं रे." वायंगणकर म्हणाले, "नाही नाना, माझं." हा संवाद वॉचमननं ऐकला. पुढे तो महागात पडला.

एजंट स्वप्नील दुपारीच आला. हा चाळीतल्याच एका घरातला तरुण. आधी क्रेडिट कार्डं विकायचा, आता अभयहस्त जनरल इन्शुरन्सचं काम बघतो. "काका, टेन्शन नाय घ्यायचं," तो म्हणाला. "तुमची पॉलिसी टॉपची आहे. ॲपवर चार फोटो टाकायचे. अभयताई बघते, ओके देते, विषय संपला."

अभयताई ही बाई नसून ॲपमधली व्यवस्था आहे. ती चोवीस तास जागी असते आणि कोणालाही 'प्रिय' म्हणते. वायंगणकरांनी चारही बाजूंनी फोटो काढून पाठवले. उत्तर आलं: "प्रिय रघुवीर, फोटोत गाडी दिसत नाही. कृपया गाडीजवळ जाऊन फोटो काढा." ते गाडीजवळ गेले. "प्रिय रघुवीर, फोटोत गाडी दिसत नाही." त्यांनी गाडीवर हात ठेवून स्वतःसह फोटो काढून पाठवला. या वेळी अभयताईनं बराच विचार केला आणि कळवलं की फोटोत एक ज्येष्ठ नागरिक आणि एक लोखंडी कपाट दिसत आहे. गृहोपयोगी वस्तूंच्या विम्यासाठी एक दाबा.

यात अभयताईचा दोष नव्हता. तिला गाड्या ओळखायला शिकवलं होतं ते चांगल्या स्थितीतल्या गाड्या दाखवून. अपघात झालेली गाडी तिनं पाहिली असण्याचं कारणच नव्हतं. तिच्याकडे येणारे बहुतेक दावे 'फोटोत गाडी दिसत नाही' या कारणानं परत जात. कंपनीच्या वार्षिक अहवालात या व्यवस्थेमुळे अपघातांचं प्रमाण एक्याण्णव टक्क्यांनी घटल्याची अभिमानानं नोंद आहे.

शेवटी स्वप्नीलनं कंपनीत फोन केला, गाडी ओढून रे रोडच्या एका गॅरेजात नेली आणि तिथे कंपनीचे सर्वेक्षक आले. शरच्चंद्र उपासनी, राहणार दादर. स्वच्छ पांढरा शर्ट, शुद्ध भाषा आणि गळ्यात मोजपट्टी. त्यांनी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, लांबी मोजली, नोंदणीच्या कागदावर पाहिली आणि पुन्हा मोजली.

"वायंगणकर, ही गाडी आखूड आहे," ते म्हणाले.

"ठोकली ना साहेब."

"ते आपण म्हणता. मी फक्त मोजतो. आमच्याकडे विमा उतरवला आहे तो यापेक्षा लांब गाडीचा. वाहनाच्या मापात मालकाने परस्पर बदल करू नये, असं कलम आहे."

"मी कशाला बदल करीन?"

"मीही तेच विचारणार आहे. लेखी."

वायंगणकरांनी लेखी दिलं. मग कंपनीनं अपघाताचं ठिकाण विचारलं आणि त्याची पोलिसांकडे नोंद झाल्याचा दाखला मागितला. जवळच्या चौकीत हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला आणि सांगितलं, "काका, रॅम्प म्हणजे रस्ता नाय. खाजगी जागा. सोसायटीत विचारा." सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, रॅम्पचा ताबा अजून बिल्डरकडे आहे. बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीनं सांगितलं, रॅम्प सोसायटीला कधीच दिला, पण सोसायटी घेत नाही. सर्वांचं म्हणणं एकत्र करून पाहिलं तर अपघात कुठेच झाला नव्हता. आणि तरीही गाडी आखूड होती. प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या वायंगणकरांना अशा निरीक्षणांची सवय होती. विद्यार्थी नेहमी अशीच आणत.

याहून बिकट प्रश्न निघाला तो कारणाचा. फॉर्मवर कारणं छापलेली होती: अतिवेग, मद्यपान, मोबाइल, ब्रेक निकामी, जनावर आडवे येणे. वायंगणकरांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे खरं ते लिहिलं: "दोघांनीही एकमेकांना आधी जाण्याचा आग्रह केला."

अभयहस्तच्या मुख्य कार्यालयात या वाक्यानं खळबळ उडाली, असं स्वप्नील सांगतो. कंपनीच्या स्थापनेपासूनच्या नोंदी तपासल्या गेल्या. मुंबई विभागात गाडीवाल्यानं समोरच्याला वाट दिल्यामुळे अपघात झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. खरं तर वाट दिल्याचंच सापडलं नाही. तेव्हा एक तर हे घडलेलं नव्हतं, किंवा घडलं असेल तर त्यामागे काही तरी काळंबेरं होतं. त्यात वॉचमनचा जबाब आला की दोन्ही चालक 'माझं चुकलं, माझं चुकलं' म्हणत होते. चूक आपली आहे असं दोन्ही पक्ष म्हणतात, असा अपघात जगात होत नाही. पत्र आलं:

"सदर अपघातातील तिसरा पक्ष (श्री. मसुरकर) हे विमाधारकाच्या निकट परिचयाचे असल्याचे दिसून येते. उभयतांमध्ये संगनमत नसल्याचा समाधानकारक पुरावा सादर करावा."

वायंगणकरांनी पत्र दोनदा वाचलं. नाना तिसरा पक्ष आहेत हे त्यांना इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. पहिला पक्ष ते स्वतः, दुसरा कंपनी, आणि ज्याच्या मांडीवर त्यांच्या मुलीचे कान टोचले तो तिसरा.

"पण संगनमत नाही याचा पुरावा कसा देणार?" त्यांनी स्वप्नीलला विचारलं.

"सिंपल आहे, काका. तुमची दोस्ती नाय हे दाखवायचं."

"आमची आहे ना पण."

"म्हणून तर प्रॉब्लेम झालाय." स्वप्नीलनं खुर्ची पुढे ओढली. "एक भांडण लावू. लॉबीत, सगळ्यांसमोर. मी व्हिडिओ काढतो. मग दोघं चौकीत जाऊन एकमेकांवर साधी तक्रार, एनसी करा. लॉबी सोसायटीच्या ताब्यात आहे, तिथल्या भांडणाची नोंद पोलीस घेतात, मी विचारून आलोय. आणि दावा पास होईपर्यंत एकमेकांकडे जायचं नाय. रविवारचं जेवण बंद."

नानांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. "करूया की. चाळीच्या गणपतीत इतकी नाटकं केली. व्हिलन मीच असायचो."

तर पुढच्या रविवारी लॉबीत प्रयोग झाला. स्वप्नीलनं फोन धरला आणि खूण केली. वायंगणकर म्हणाले, "मसुरकर, तुम्ही माझी गाडी मुद्दाम ठोकलीत." हे ते इतक्या नम्रपणे म्हणाले की लिफ्टसाठी थांबलेल्या एका बाईंना वाटलं आमंत्रण चाललंय. स्वप्नीलनं मान हलवली. पुन्हा सुरुवात झाली. आता नानांनी आवाज चढवला, "तुला गाडी येते का चालवायला?" वायंगणकर म्हणाले, "आणि तुला येते?" मग जरा रंग भरला. नानांनी चाळीतल्या नळावरचं वायंगणकरांचं पिंप काढलं, वायंगणकरांनी मसुरकरांचं अख्खं घर आपल्या टीव्हीवर दर रविवारी पिक्चर बघायला येऊन बसायचं ते काढलं. लोक जमले. लोक जमल्यावर नानांच्या अंगात जुना व्हिलन संचारला, आणि टाळीच्या वाक्याची सवय वाईट असते.

"विसरलास काय?" ते गरजले. "तुझ्या बापाला तीन जिने खांद्यावरून उतरवला होता मी. ह्याच खांद्यावरून."

लिफ्ट आली आणि रिकामीच वर गेली. ते बरंच मागचं, वडील गेले त्या दिवसाचं होतं, आणि त्या दिवसाचा उल्लेख दोन्ही घरांत आजवर कोणी केला नव्हता. नानांनी तर नाहीच.

"ते काढलंस आज," वायंगणकर हळू आवाजात म्हणाले. "कॅमेऱ्यासमोर."

आणि ते जिन्यानं वर गेले. आठ मजले.

"कट," स्वप्नील म्हणाला. "एक नंबर झालं, काका. शेवट तर भारीच."

यानंतर अभिनयाची गरज उरली नाही. वायंगणकरांनी एनसी केली ती मनापासून केली. नानांनीही केली, कारण स्वप्नीलनं करायला सांगितली होती. समोरासमोरची दारं बंद राहू लागली. रविवारी मेघनावहिनी सवयीनं एक पापलेट जास्त तळायच्या आणि मग ते कोणीच खायचं नाही. वायंगणकर दाराच्या भोकातून समोर बघायचे आणि आपण बघत नाही असं स्वतःला बजावायचे. नानांनी एकदा येऊन काही बोलावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. नाना आले नाहीत. जिन्यात, गेटवर, कधी समोर पडले तर सरळ बघत निघून गेले. मान म्हणून वळवली नाही. आपण समजत होतो तसा हा माणूस कधी नव्हताच, असं वायंगणकरांना वाटू लागलं. कंपनीचंही पहिल्यापासून हेच म्हणणं होतं.

उपासनी पुन्हा आले ते वैराची प्रत्यक्ष पाहणी करायला. त्यांनी व्हिडिओ पाहिला होता, पण आजकाल व्हिडिओ कोणीही करतं. ते वायंगणकरांसोबत लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबली आणि नाना आत आले. उपासनींनी श्वास रोखला. लिफ्ट वर जाऊ लागली. वायंगणकर नानांच्या डाव्या हाताला, बोटभर अंतरावर उभे होते. नाना ताठ, दाराकडे तोंड करून. तिसऱ्या मजल्यावर वायंगणकर खाकरले. नाना हलले नाहीत. सहाव्या मजल्यावर वायंगणकर, राहवलं नाही म्हणून, म्हणाले, "मासे मिळतात का रे हल्ली?"

"मिळतात," नाना दाराला म्हणाले.

आठव्यावर दार उघडलं आणि नाना तसेच सरळ चालत आपल्या घरात गेले. वायंगणकर लिफ्टमधून बाहेर पडायचं विसरले. उपासनींनी डायरी काढली आणि त्यांच्या खांद्यावर सहानुभूतीनं हात ठेवला. "अभिनंदन," ते म्हणाले. "इतका शुद्ध तिरस्कार मी नोकरीत पाहिला नव्हता. बंगल्यांच्या वाटण्यांतसुद्धा नाही."

पत्र चतुर्थीच्या आठवड्यात आलं. "उभय पक्षांतील वैर समाधानकारक आढळले" असल्यानं दावा मंजूर करण्यात येत होता. गाडी पूर्ण नुकसानीत काढण्यात येत होती. रक्कम गणपतीनंतर जमा होणार होती. आणि तोपर्यंत विमाधारकानं वैर आहे त्या स्थितीत राखावं, अशी अट होती. स्वप्नील पेढे घेऊन आला. वायंगणकरांनी पेढा हातात धरला आणि खाल्ला नाही.

"म्हणजे गाडी नाय," आनंदीबाई म्हणाल्या. "मगे गावाक कशी जाताव?"

"एसटीनं जाऊ, आई."

"आणि नाना?"

"त्याचं तो बघेल."

आनंदीबाईंनी मुलाकडे बघितलं, पदर खोचला आणि काठी घेतली. वायंगणकर म्हणाले, "आई, जायचं नाही तिकडे, कंपनीची अट आहे." आनंदीबाई कंपनीच्या ग्राहक नव्हत्या. त्यांनी समोरच्या दाराच्या बेलवर अंगठा ठेवला तो दार उघडेपर्यंत काढला नाही. वायंगणकर त्यांना परत आणायला म्हणून मागोमाग गेले आणि उंबऱ्याबाहेर थांबले.

दारात नाना उभे होते. गळ्याला हनुवटीपर्यंत चढलेला जाड पांढरा पट्टा. आईच्या मागे वायंगणकर दिसताच त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला, पण एवढा पट्टा हातानं झाकत नाही.

आनंदीबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "नाना," त्या म्हणाल्या, "त्या दिवसा तुका खय लागला काय रे?"

नानांनी पट्ट्यावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "मान गे, काकी. आधी नुसती दुखली, भांडणाच्या दुसऱ्या दिवसा आखडली. डाव्या बाजूक फिरणाच नाय."

"मगे ह्यो पट्टो भायर कित्याक घालणस नाय?"

"स्वप्नील म्हणालो, माणसाक लागला असा कागदार इला तर सगळा कोर्टात जातला. रघूचे पैशे वर्सां वर्सां अडाकतले. म्हणान भायर जाताना काढून ठेवतंय."

वायंगणकर उंबरा ओलांडून आत आले. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते असं:

"लिफ्टमध्ये बघितलं नाहीस माझ्याकडे."

"तू डाव्या बाजूला उभा होतास," नाना म्हणाले.

वायंगणकर वळसा घालून नानांच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले. नानांनी त्यांच्याकडे बघितलं.

"ते बाबांचं बोलायला नको होतं मी," नाना म्हणाले. "तोंडातून गेलं. दुसऱ्या दिवशी येणार होतो सांगायला, तर उशीवरून डोकंच उचलेना. मग तू एनसी केल्याचं कळलं. म्हटलं, आता येऊन उगाच तुझा दावा कशाला बिघडवा."

"दाव्याचं मरू दे," वायंगणकर म्हणाले. आपण हे शब्द उच्चारू शकतो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"जेवलास काय?" आनंदीबाईंनी नानांना विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मेघनावहिनींना हाक मारली.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी पहाटे नानांची गाडी लक्ष्मी ग्रँड्योरच्या गेटमधून बाहेर पडली. मान वळत नसल्यामुळे नाना चालवू शकत नव्हते. चालवायला वायंगणकर होते. मागे आनंदीबाई, मेघनावहिनी आणि गणपतीच्या वर बांधायच्या माटवीच्या सामानाचं पोतं. गेटवर स्वप्नील भेटला आणि ते दृश्य पाहून त्यानं डोक्याला हात लावला.

"काका, काय करताय? पेमेंट अजून यायचंय. पहिला पक्ष तिसऱ्या पक्षाची गाडी चालवतोय, उपासनीसाहेबांना कळलं तर?"

मागची काच खाली झाली. "त्येंका सांग," आनंदीबाई म्हणाल्या, "चतुर्थेक भांडान बंद असता."

गाडी निघून गेली. मसुऱ्याला नानांच्या चुलतभावानं त्यांची मान एका वैद्याला दाखवली आणि ती हळूहळू वळू लागली. आनंदीबाई वायंगणीत घराच्या खळ्यातच उतरल्या आणि गाडीतून उतरल्यावर तिठ्यापर्यंत चालत जाऊन आल्या, कारण तिथे कोणी ओळखीचं भेटेल तर त्याला आपण कशानं आलो हे सांगायचं होतं. दाव्याचं म्हणाल तर उपासनींना कोणीतरी कळवलंच आणि प्रकरण फेरतपासणीसाठी परत उघडलं. ते अजून उघडंच आहे. अभयहस्तनं वायंगणकरांकडे, वैर कोणत्या तारखेपासून संपुष्टात आलं आणि त्यास जबाबदार कोण, याचा खुलासा मागवला आहे. वायंगणकरांनी 'इतर'वर खूण केली आहे.

आता वाचकांविषयी थोडंसं. इथवर वाचताना आपल्याला काही प्रश्न पडले असतील आणि ते रास्तच आहेत: चूक नेमकी कोणाची होती, गाडी किती आखूड झाली, रॅम्प कोणाच्या ताब्यात आहे, दावा मंजूर होतो की नाही. रॅम्पवर दोन म्हातारे एकमेकांवर आदळले तेव्हा त्यांपैकी कोणाला कुठे लागलं का, हा प्रश्न आनंदीबाईंच्या आधी ज्यांच्या मनात आला असेल, त्यांची क्षमा मागून ही कथा इथे थांबते. बाकीच्यांना कळवण्यास आनंद होतो की अभयहस्तमध्ये सर्वेक्षकांच्या जागा भरायच्या आहेत. परीक्षा आपण आत्ताच उत्तीर्ण झाला आहात. येताना फक्त मोजपट्टी आणावी.